तक्रार प्रक्रियेत आहे

एटीएममधून नोटा बाहेर आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे मात्र वजा झाले, तर पुढे काय व्हायला हवे याबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम अगदी स्पष्ट आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात तो आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ती रक्कम आपणहून खात्यात परत जमा करायची. पाच दिवस टळले, तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई खातेदाराच्या खात्यात टाकायची. तीसुद्धा आपणहून. खातेदाराने अर्ज द्यावा, शाखेत खेपा घालाव्यात, कुणाला तरी गाठून गळ घालावी, यातले काहीही त्या परिपत्रकाला अपेक्षित नाही.

या परिपत्रकाची एक प्रत माझ्या पिशवीत कायम असते. नोकरीत असताना मी कचेरीत आवक-जावक सांभाळायचो. त्यामुळे निवृत्तीनंतर आमच्या इमारतीतले आणि आसपासचे लोक बँकेचे, विजेचे, पेन्शनचे अर्ज माझ्याकडून लिहून घेतात. एटीएमचे अर्ज त्यात नेहमीचे. बँकेत गेल्यावर ही प्रत काउंटरवर ठेवली, तर समोरचा माणूस ती हातात घेत नाही. तो संगणकाकडे बघतो आणि म्हणतो, "काका, सिस्टीममध्ये ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल दाखवतंय." रिझर्व्ह बँकेच्या लोकपालापर्यंत जाणारा सगळा रस्ता या वाक्यापासून सुरू होतो, आणि त्या रस्त्यावर थांबून राहायचे काम एकट्या खातेदाराच्या वाट्याला येते. माझे गाऱ्हाणे एवढेच आहे. ते लहान आहे असे मला अजिबात वाटत नाही.

आमच्या तळमजल्यावर एक आजी राहतात. यजमानांच्या मागे मिळणारी फॅमिली पेन्शन हेच त्यांचे उत्पन्न. महिन्याच्या सुरुवातीला त्या दहा हजार रुपये एकदम काढून आणतात आणि पाकिटे करून कपाटात ठेवतात. दुधाचे वेगळे, औषधांचे वेगळे, कामवालीचे वेगळे, विजेचे वेगळे. एकदा त्यांनी स्टेशनजवळ दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घातले. आत नोटा मोजल्याचा आवाज झाला, पण झडप उघडली नाही. पडद्यावर व्यवहार पूर्ण होऊ शकत नसल्याची सूचना आली आणि पावती आली नाही. त्या दाराबाहेर पडल्या तोवर दहा हजार वजा झाल्याचा मेसेज मोबाइलवर येऊन थडकला होता.

त्या तशाच ज्या बँकेचे एटीएम होते तिच्या शाखेत गेल्या. तिथे सांगितले गेले, कार्ड आमचे नाही, तुमच्या बँकेत जा. त्यांच्या बँकेत सांगितले गेले, एटीएम आमचे नाही, त्या बँकेत जा. नियम पाहिला तर यात वादाला जागाच नाही. ज्या बँकेने कार्ड दिले, तिच्याकडेच तक्रार करायची. एटीएम कुणाचे हे त्या दोन बँकांनी आपसात बघायचे. काउंटरवर रोज बसणाऱ्या माणसाला हे ठाऊक असले पाहिजे. पंच्याहत्तरीच्या बाईला दोन इमारतींमध्ये उन्हातून फिरवण्याआधी तरी ते ठाऊक असले पाहिजे.

मग अर्ज. अर्ज मी लिहिला, दोन प्रती काढल्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागितली. शाखेत पोच मागणे ही आता जवळजवळ भांडण उकरून काढण्यासारखी गोष्ट झाली आहे. "आम्ही शिक्का देत नाही, ऑनलाइन टाका." "साहेब रजेवर आहेत." "ठेवून जा, करतो." ज्याने आयुष्यभर आवक क्रमांक टाकले, त्याला हे पाहून फार वाईट वाटते. कागद घेतला म्हणजे त्यावर शिक्का मारायचा, यासाठी कुठल्या साहेबाची परवानगी लागत नाही. आणि हा शिक्का म्हणजे नुसता सोपस्कारही नाही. पुढे लोकपालाकडे जायचे असेल तर बँकेकडे आधी लेखी तक्रार केली होती हे दाखवावे लागते आणि तिची तारीख दाखवावी लागते. पोच नाही, तर तारीख नाही. तारीख नाही, तर तक्रारच नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या लोकपाल योजनेतला हिशेब असा आहे. बँकेकडे तक्रार केल्यापासून ३० दिवस थांबायचे. तेवढ्यात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. उत्तर मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. उत्तरच आले नसेल, तर तक्रारीपासून एक वर्ष आणि ३० दिवसांच्या आत. एवढे नीट लिहिलेले आहे. पण ३० दिवस कुठल्या तक्रारीपासून मोजायचे, हे बँकेच्या वागण्यामुळे दर वेळी घोळात पडते. आजींनी शाखेत अर्ज दिला तो एक. फोनवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक वेगळा. चार दिवसांनी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला एक ते दहा गुण द्या. खात्यात एक रुपया आला नव्हता. परत फोन केला, तर जुनी तक्रार बंद झाल्यामुळे नवी नोंदवावी लागेल असे सांगून तिसरा क्रमांक दिला. आजींनी हे तिन्ही क्रमांक कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने लिहून ठेवले आहेत, शेजारी तारखा. बँकेच्या संगणकात ज्या तीन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध नाही, त्या या कॅलेंडरवर एकाखाली एक आहेत आणि एकच आहेत. मी अर्जात पहिलीच तारीख धरली. ती धरायचीच असते. बँकेने आपल्या सोयीने तक्रार बंद केली म्हणून खातेदाराची मुदत पहिल्यापासून सुरू होता कामा नये.

अखेर ईमेलने उत्तर आले. आमच्या नोंदींनुसार सदर व्यवहार यशस्वी झालेला आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सोबत ईजे लॉगची प्रत होती. एटीएम आतल्या आत प्रत्येक हालचालीची जी नोंद ठेवते, तिला बँकेत ईजे म्हणतात. खातेदाराच्या हाती हा कागद क्वचित पडतो, आणि पडला तरी तो कुणी वाचत नाही, कारण तो वाचता येईल असा छापलेलाच नसतो. आम्ही तो वाचला. आजींच्या जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन, ओळीवर पट्टी ठेवून वाचला. कार्डाचे शेवटचे चार आकडे, वेळ, रक्कम, पाचशेच्या २० नोटा. मग नोटा 'प्रेझेंटेड', म्हणजे बाहेर काढल्या, अशी ओळ. यानंतर नोटा 'टेकन', म्हणजे घेतल्या गेल्या, अशी ओळ यायला हवी. ती नव्हती. त्याच कागदावर वरच्या माणसाच्या व्यवहारात ती होती, आजींच्या व्यवहारात नव्हती. बँकेने स्वतःच्या म्हणण्याचा पुरावा म्हणून जो कागद पाठवला, त्यातच त्या म्हणण्याविरुद्धची गोष्ट होती, आणि पाठवणाऱ्याने तो कागद उघडून पाहिला नव्हता.

हे मला सगळ्यात जास्त लागले. नोटा अडकणे समजू शकते. यंत्र आहे, बिघडते. पण एका बाईचे महिन्याचे पैसे नाकारताना निदान जोडलेले पान वाचायला दोन मिनिटे द्यावीत, ही अपेक्षा फार नाही.

अशा नकाराआधी एक पायरी आहे, तीही सांगितली पाहिजे. २०१८ पासून मोठ्या व्यापारी बँकांना आपल्या घरातच एक अंतर्गत लोकपाल नेमावा लागतो. तो त्या बँकेत पूर्वी नोकरीला असलेला चालत नाही. बँक जी तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळणार असेल, ती आधी त्याच्यासमोर ठेवून मगच ग्राहकाला अंतिम उत्तर द्यायचे, असा दंडक आहे. कल्पना चांगली आहे. पण ग्राहकाला त्याच्याकडे थेट जाता येत नाही, त्याला काही सांगता येत नाही, आपल्या बाजूचा एखादा कागद त्याच्यापुढे ठेवता येत नाही. बँक जे ठेवील ते तो पाहणार. आजींच्या उत्तरात अंतर्गत लोकपालांनी प्रकरण तपासल्याची एक ओळ होती. काय तपासले, 'टेकन'ची ओळ नाही हे पाहिले का, त्या दिवशीची कॅश टॅली मागवली का, याबद्दल अक्षर नव्हते. कॅश टॅली महत्त्वाची असते. यंत्रात किती भरले, किती गेले, किती उरले हे जुळवल्यावर दहा हजार जास्त निघाले, तर प्रश्न तिथेच मिटतो.

यानंतर खरा लोकपाल. ही सोय देशात १९९५ पासून आहे. सुरुवातीला ती बँकिंग लोकपाल योजना होती; पुढे वित्त कंपन्यांसाठी २०१८ मध्ये आणि डिजिटल व्यवहारांसाठी २०१९ मध्ये वेगळ्या योजना आल्या, आणि १२ नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही एकत्र करून रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली. त्याआधी मुंबईतला माणूस मुंबई सेंट्रल स्टेशनासमोरच्या रिझर्व्ह बँकेच्या भायखळा कार्यालयात जाऊन अर्ज देऊ शकत होता. आता सगळ्या देशाच्या तक्रारी एका पोर्टलवर येतात, आणि कागदावर पाठवायची असेल तर ती चंडीगडला, सेक्टर १७ मधल्या केंद्राकडे पाठवावी लागते. रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय मुंबईत, शहीद भगतसिंग मार्गावर. आजी मुंबईच्या लोकलने तासाभरात तिथे पोचतील. पण त्यांचा कागद मात्र चंडीगडला जाऊन तिथून देशातल्या कुठल्याही लोकपाल कार्यालयाकडे वर्ग होणार. महाराष्ट्रातली तक्रार महाराष्ट्रातच राहील असे नाही. एका कार्यालयावर ताण येऊ नये म्हणून हे केले, हे मला कळते. कारण पटण्यासारखे आहे. तरीसुद्धा आपले प्रकरण कुठल्या गावात, कुठल्या माणसाच्या टेबलावर आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याची वाट पाहण्याची तऱ्हा फार वाईट असते. कुणाच्या दारात जाऊन उभे राहायचे, हेच त्याला माहीत नसते.

पोर्टलवर अर्ज मीच भरला. मोबाइल क्रमांक टाका, ओटीपी टाका. आजी स्वयंपाकघरात, मोबाइल त्यांच्या खोलीत चार्जिंगला, ओटीपी येतो आणि शोधेपर्यंत संपतो. बँकेला तक्रार केल्याची तारीख, उत्तर आले का, आले तर प्रत जोडा. प्रकरण कोर्टात आहे का? वकिलामार्फत करताय का? वकिलामार्फत केलेली तक्रार घेतली जात नाही, तक्रारदार स्वतःच वकील असेल तर गोष्ट वेगळी. वादातली रक्कम किती, नुकसानभरपाई किती मागताय? हे शेवटचे प्रश्न लोक घाबरून रिकामे सोडतात. सोडू नयेत. योजनेत वादातल्या रकमेला मर्यादा नाही. २०२१ च्या योजनेप्रमाणे बँकेच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि त्याशिवाय वेळ, खर्च, त्रास आणि मनस्ताप यांसाठी एक लाखापर्यंत भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला दिला आहे. आजी म्हणाल्या, "भाऊ, मनस्तापाचे कसले पैसे मागायचे? माझे आहेत तेवढे द्या म्हणावं." मी त्यांना परिपत्रक दाखवून रोजचे शंभर रुपये तेवढे लिहायला लावले. ते मागणे नव्हते, ते देणेच होते.

अर्ज गेला. क्रमांक आला. आणि मग सुरू झाले ते, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

पोर्टलवर क्रमांक टाकला की तक्रार प्रक्रियेत असल्याचे दिसते. आठवड्यानेही तेच, महिन्यानेही तेच. १४४४८ हा रिझर्व्ह बँकेचा फोन आहे, तिथे मराठीत बोलता येते, आणि बोलणारी माणसे सभ्य असतात, हे आवर्जून सांगतो. पण त्यांच्यासमोरच्या पडद्यावरही तेवढेच लिहिलेले असते. कधीपर्यंत, हे विचारले तर सांगायला त्यांच्याकडे तारीख नसते.

आणि ती नसते याचे कारण योजनेतच आहे. योजना उघडून पाहा. बँकेला उत्तर द्यायला ३० दिवस. लोकपालाने विचारणा केल्यावर बँकेने म्हणणे मांडायला १५ दिवस. निवाडा झाला, तर तो मान्य असल्याचे तक्रारदाराने ३० दिवसांत लेखी कळवायचे. नाही कळवले, तर निवाडाच रद्द होतो. अपील करायचे असेल तर तेही ३० दिवसांत. सगळ्यांना दिवस वाटून दिले आहेत. लोकपालाने अमुक दिवसांत निकाल द्यावा, असे एक वाक्य तेवढे त्यात नाही. कामकाज संक्षिप्त पद्धतीने चालेल, असे म्हटले आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तरी आयोगाने तपासणीची गरज नसलेले प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे लिहिले आहे. ती मुदत पाळली जात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती लिहिलेली आहे, आणि लिहिलेल्या मुदतीवर बोट ठेवून विचारता येते. इथे बोट ठेवायला ओळच नाही.

मला उलट सांगितले जाते की तक्रारी किती येतात ते बघा. बघितले. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालाप्रमाणे २०२३-२४ मध्ये नऊ लाखांहून जास्त तक्रारी आल्या. त्यांपैकी प्रत्यक्ष लोकपालांच्या कार्यालयांनी हाताळल्या त्या तीन लाखांहूनही कमी. बाकीच्यांची वासलात चंडीगडच्या केंद्रातच लागली, आणि त्यांतल्या बहुतेक तक्रारी योजनेत न बसणाऱ्या म्हणून बंद झाल्या. एवढी माणसे चुकीच्या दारात का येतात, हा प्रश्न मला त्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो. ती आधी बँकेत न जाता आली, ३० दिवस थांबली नाहीत, बँकेला नुसती प्रत पाठवून मोकळी झाली, अशी कारणे दिली जातात. पण शाखेत पोच मिळत नाही, तक्रारी परस्पर बंद होतात, उत्तरावर पुढचा रस्ता धड लिहिलेला नसतो, म्हणून ती तशी येतात, हेही तितकेच खरे आहे. बँकेने सुरुवातीला एक शिक्का मारला असता, तर त्यातल्या कित्येक तक्रारी नीट बसल्या असत्या, आणि आणखी कित्येक झाल्याच नसत्या.

थांबण्याची किंमत कुणी मोजत नाही, पण ती खरोखर मोजता येते. एटीएमच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण बँक जन्मभर ठेवत नाही. काही काळाने त्यावर नवे चित्रण चढते. आजी दारातून रिकाम्या हाताने बाहेर पडल्या हे त्या चित्रणात दिसणार, दुसरीकडे कुठे दिसणार नाही. शाखेच्या खेपा, मग बँकेचे ३० दिवस, मग चंडीगड, मग कार्यालय, मग बँकेचे १५ दिवस. या सगळ्यातून लोकपालाने चित्रण मागवेपर्यंत ते शिल्लक असेलच याची खात्री कुणी द्यायची? म्हणून मी पहिल्याच अर्जात शेवटचा परिच्छेद नेहमी तोच लिहितो, की त्या दिवशीचे चित्रण, ईजे लॉग आणि कॅश टॅली जपून ठेवावी. हे ज्याला ठाऊक नाही त्याने वाट पाहत बसावे आणि त्याचा पुरावा तोवर पुसला जावा, हा न्याय झाला नाही.

याच वाटेवर आणखी एक गोष्ट आहे, ती फार थोड्या लोकांना माहीत असते. लोकपालाने तक्रार फेटाळली तर अपील रिझर्व्ह बँकेच्या कार्यकारी संचालकाकडे करता येते. पण सेवेत त्रुटी नाही असे आपले मत आहे, या कारणाने तक्रार फेटाळली, तर योजनेत अपील नाही. कागद जास्त आहेत, साक्षीपुरावा लागेल, आर्थिक नुकसान झालेले नाही, या कारणांवर आहे. मुख्य प्रश्नावरच नाही. मग उरतो ग्राहक आयोग नाही तर कोर्ट. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही हे खरे, पण तिथे वाट पाहणे पुन्हा पहिल्यापासून. ज्या मतावर पुढे दाद नाही, ते मत निदान कारणांसह लिहावे. कुठला कागद पाहिला, कुठला पटला, कुठला का पटला नाही, हे सांगणाऱ्या पाच ओळी हव्यात. 'टेकन'ची ओळ नाही असे एका आजींनी लिहून कळवले असेल, तर उत्तरात त्या ओळीचा उल्लेख आलाच पाहिजे.

मी लोकपालाच्या विरुद्ध नाही. शुल्क नाही, वकील नाही, घरबसल्या अर्ज जातो, आणि बँकेला हलवायला रिझर्व्ह बँकेच्या नावाइतके दुसरे काही चालत नाही. मी ज्यांना अर्ज लिहून दिले, त्यांपैकी पुष्कळ लोकांचे पैसे त्यामुळेच परत आले. माणूस न्याय द्यायला बसला आहे हे मान्यच आहे. म्हणूनच त्याच्याकडून तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात. अर्ज घेतला की अपेक्षित तारीख कळवा. ती चुकली तर नवी कळवा. प्रकरण कुठल्या कार्यालयात आहे त्या गावाचे नाव कळवा. आणि तक्रार आली त्याच दिवशी बँकेला पुरावा जपायला सांगा, उत्तर मागाल तेव्हा मागा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

आजींच्या प्रकरणात पुढे दहा हजार जमा झाले. लोकपालाकडून विचारणा गेल्यावर झाले. बँकेने पत्रात सद्भावना म्हणून रक्कम देत असल्याचे लिहिले. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पाच दिवसांत परत करायची रक्कम महिन्यांनी परत केली, तिच्यात सद्भावना कसली? रोजच्या शंभर रुपयांचा पत्रात उल्लेख नव्हता.

मग एका दुपारी बँकेतून आजींना फोन आला. बोलणारी मुलगी गोड होती. "आजी, पैसे आले ना खात्यात? मग आता काही तक्रार नाही ना?" आजींनी मला वरून बोलावून घेतले आणि फोन माझ्या हातात दिला. योजनेत असे आहे की तक्रारदाराने समाधान झाल्याचे लेखी किंवा अन्य प्रकारे मान्य केले, आणि त्याची नोंद झाली, तर तक्रार मिटली असे धरता येते. फोनवरचे 'हो' ही अशी नोंद होऊ शकते. दहा हजार मिळाल्याच्या आनंदात 'हो, आता काही नाही' असे म्हणणारी किती म्हातारी माणसे असतील, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. अशा फोनवर भरपाईचा आकडा आधी सांगितलाच पाहिजे, आणि मगच समाधान झाले का हे विचारले पाहिजे.

मी त्या मुलीला सांगितले की मूळ रक्कम मिळाली, विलंबाची भरपाई मिळालेली नाही, आणि जे काही विचारायचे ते लेखी विचारा. तिने विचारून सांगते म्हटले. त्याच संध्याकाळी आम्ही लोकपालाला पत्र केले. मूळ रक्कम अमुक तारखेला जमा, परिपत्रकाप्रमाणे सहाव्या दिवसापासून जमा होण्याच्या दिवसापर्यंत रोज शंभर रुपये येणे, तक्रार मागे घेतलेली नाही, फोनवर दिलेली कोणतीही संमती समाधान म्हणून धरू नये. खाली आजींनी स्वच्छ अक्षरात सही केली. पत्र पोर्टलवर चढवले आणि दुसरी प्रत रजिस्टर्ड पोस्टाने चंडीगडला पाठवली. पोस्टातल्या बाईंनी पावतीवर शिक्का न मागता मारून दिला.